काचांचा रकाना

अकरा वर्षांत ओळंब्याने किरणाचं एकही चित्र वाईट येऊ दिलं नव्हतं, आणि शेवटी तेच त्याच्या अंगाशी आलं.

ओळंबा हे काही त्याचं खरं नाव नव्हे. भिंत सरळ उभी राहतेय ना हे बघायला गवंडी दोरीला वजन बांधून सोडतात, तो ओळंबा. हा माणूस कुणाच्याही खोलीत शिरला की आधी भिंतीवरचं कॅलेंडर सरळ करी आणि मग खुर्ची घेई. लेसरच्या कार्यशाळेत कुणीतरी एकदा गमतीत हाक मारली, ती चिकटली. हाक मारणारे केव्हाच नोकरी सोडून गेले. हा मात्र तिथेच राहिला, त्याच नावाने आणि त्याच खुर्चीवर.

कार्यशाळा म्हणजे बिनखिडक्यांची एक लांबट खोली आणि तिच्यात सहा जड टेबलं. दवाखान्यांत आणि कारखान्यांत जाणारी लेसर यंत्रं इथे जुळवून, तपासून पुढे जात. ओळंब्याकडे मोजणी होती. दिवसातून दोनदा प्रत्येक टेबलावरचा किरण कॅमेऱ्यात धरायचा आणि त्याचं चित्र साठवून ठेवायचं. मधोमध पांढरा ठिपका, त्याभोवती पिवळं कडं, मग लाल, मग निळं, मग काळोख. ठिपका गोल आहे का, मध्यावर आहे का, कडेने फाटलाय का, एवढंच त्या चित्रात बघायचं. किरणाचा जोर किती, हे सांगायला वेगळा काट्याचा मीटर होता. त्याचा आकडा भिंतीवरच्या पांढऱ्या फळ्यावर लिहायचा आणि संध्याकाळी पाच वाजता फळा पुसून टाकायचा, म्हणजे दुसऱ्या दिवसाच्या आकड्यांना जागा होई.

आता किरण थेट कॅमेऱ्यात सोडला तर कॅमेरा कामातून जातो. म्हणून कॅमेऱ्याच्या तोंडावर काळ्या काचा चढवायच्या. एका काचेतून प्रकाशाचा दहावा हिस्सा आत जातो, दोन काचांतून शंभरावा, तिनांतून हजारावा. किती चढवायच्या याचा काही नियम नव्हता, नजर होती. चित्र फार उजळ आलं की एक वाढव, अंधुक आलं की एक काढ. ओळंब्याचा हात यात इतका बसला होता की शेजाऱ्याशी गप्पा मारतामारता तो काच फिरवून बसवी आणि चित्र पहिल्या झटक्यात नेमकं येई. किरण जोरात असो की मंद, चित्र मात्र नेहमीच सारखं, डोळ्यांना गोड. किती काचा लावल्या हे तो कुठे लिहीत नसे. कुणीच लिहीत नसे. जेवताना किती घास घेतले याची वही कोण ठेवतं?

त्याचा मेहुणा तिथेच कामाला होता. बायकोचा धाकटा भाऊ, माहेरचं शेंडेफळ. शिक्षण अर्धवट सोडून घरी बसला होता, तेव्हा ओळंब्यानेच शब्द टाकून त्याला आत घेतला. त्याला दहा वर्षं झाली. पोरगं बडबडं, पण हात सोन्यासारखा. त्याच्याकडे आरशांचं काम होतं. टेबलावर किरण ज्या आरशांवरून वळत वळत जातो ते आरसे केसभर इकडे, केसभर तिकडे करून जुळवायचे. हे काम किरण 'मंद' वर ठेवून करायचं आणि तेही उघड्या डोळ्यांनी, कारण काळा चष्मा लावला तर तो मंद ठिपका दिसतच नाही. मंद किरण चुकून डोळ्यात गेला तरी इजा होत नाही. साहेबांनी तसा नियमच छापून भिंतीला लावला होता.

तो सोमवार होता. तीन वाजून दहा मिनिटांनी ओळंब्याने चार नंबरच्या टेबलावरचा मंद किरण मोजला, चित्र साठवलं, मीटरचा आकडा फळ्यावर लिहिला आणि पाच नंबरकडे वळला. वीस मिनिटांनी मेहुणा चार नंबरवर आरसे जुळवायला वाकला. एका आरशाच्या कडेवरून किरण सटकला आणि त्याच्या डाव्या डोळ्यात गेला. त्याने डोळा चोळला, दोनचारदा मिटला, उघडला.

"भावोजी," तो हसत ओरडला, "तुमचं मंद आज भलतंच हुशार झालंय हो!"

ओळंबाही हसला. पोरगं दिवसभर काही ना काही बोलतच असायचं. त्याने मान वर करून पाहिलंसुद्धा नाही.

पाच वाजता त्याने फळा पुसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेहुणा कामावर आला तो डावा डोळा हाताने झाकून. डोळ्यासमोर काळा डाग होता. रात्री झोपल्यावर जाईल असं त्याला वाटलं होतं, पण तो गेला नव्हता. ज्याच्याकडे बघावं त्याचं तोंडच नाहीसं होई. कान दिसत, खांदे दिसत, मध्ये काही नाही. "भावोजी, तुम्हाला डोकंच नाही," असं म्हणून तो हसायला गेला आणि त्याचा आवाज मध्येच फाटला.

मग धावपळ झाली. पण तोवर चार नंबरचा जोर कमीजास्त करायचा खटका देखभालीच्या माणसांनी त्याच सकाळी काढून नवा बसवला होता. तो सैल झाल्याची तक्रार महिनाभर भिजत पडली होती, आणि नेमका तोच दिवस त्यांना मोकळा सापडला. जुना खटका भंगारात गेला. काट्याच्या मीटरला कालचं काही आठवत नाही. फळा पुसलेला. उरलं होतं ते एकच, तीन वाजून दहा मिनिटांचं चित्र.

चौकशीला बाहेरून तिघांची समिती आली. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं की तुमच्या या फाइली आम्हाला वाचता येत नाहीत. सगळी मोजणी प्रमाणित फॉरमॅटमध्ये आणा, मग बोलू. साहेबांनी घाईघाईने एका बाईंना बोलावलं. कार्यशाळेत सगळे त्यांना फाइलवाल्या बाई म्हणू लागले. वयाने तिशीच्या आतबाहेर, बोलायला मऊ, कामाला पक्क्या. एकतीस हजार चित्रं त्यांनी आठवड्यात नव्या फॉरमॅटमध्ये ओतली.

आणि फॉरमॅट काही वाईट नव्हता, हे आधी सांगून टाकलेलं बरं. उलट शहाण्या माणसांनी बसून केलेला होता. नुसतं चित्र नाही, चित्राबरोबर एक अख्खं पान रकान्यांचं. किरण कोणत्या रंगाचा, कॅमेऱ्याचा एक पिक्सेल केवढा, अंतर किती, तारीख, वेळ, मोजणाऱ्याचं नाव. पन्नास वर्षांनी जगाच्या पाठीवर कुणीही ती फाइल उघडली तरी त्याला कुणाला विचारायला जावं लागू नये. ओळंब्याला तर तो पाहताक्षणी आवडला होता. हे फार पूर्वीच व्हायला हवं होतं, असं तो बाईंना म्हणाला आणि दोन दिवस त्यांच्याशेजारी बसून त्याने अंतरं, तारखा, रंग सगळं बिनचूक भरून दिलं. तिसऱ्या दिवशी समितीचा कच्चा अहवाल आला, तेव्हा त्याने सोमवारची फाइल उघडून शेवटपर्यंत वाचली.

काचांची संख्या: एक.

"हा एक कुठून आला?" त्याने विचारलं.

"तुमच्या फाइलींत काचांचं काहीच नव्हतं ना, काका," बाई म्हणाल्या. "तो रकाना रिकामा चालत नाही. कॅमेऱ्याच्या पुस्तकात लिहिलंय की निदान एक काच लावल्याशिवाय वापरू नका. म्हणून जिथे माहिती नाही तिथे प्रोग्राम एक धरतो."

"सगळ्या फाइलींना?"

"एकतीस हजार."

ओळंबा खुर्चीत मागे टेकला. एक काच धरून प्रोग्रामने चित्रावरून किरणाचा जोर काढला होता, आणि त्यासमोर छानपैकी हिरवी खूण होती. निरुपद्रवी. त्याच आधारावर अहवालात लिहिलं होतं की या किरणाने डोळ्याला इजा होणं शक्य नाही. डाग जुन्या आजाराचा असावा, आणि संबंधिताने नोकरीला लागताना तो लपवला असावा. मेहुण्याला आजार लपवल्याचा ठपका ठेवून काढायचं घाटत होतं. दुरुस्त्या द्यायला शुक्रवारी दुपारी बारापर्यंत मुदत होती.

दोन काचा असत्या तर जोर दहापट निघतो. तीन असत्या तर शंभरपट, आणि शंभरपट किरणाने डोळा जातो. चित्र मात्र तिन्ही वेळा तेच दिसतं. ते तसंच दिसावं म्हणून तर ओळंबा अकरा वर्षं खपला होता.

तो साहेबांकडे गेला. तो रकाना रिकामा ठेवा म्हणाला.

"रिकामा फॉरमॅटला चालत नाही," साहेब म्हणाले.

"मग माहीत नाही असं लिहा."

"तिथे आकडा लागतो."

"पण आकडा मला माहीत नाही, साहेब!"

साहेबांनी टेबलावरची पेन्सिल उचलून पुन्हा तिथेच ठेवली. माणूस वाईट नव्हता, पण काखा वर करायची त्याला सवय होती आणि ती तो फार सभ्यपणे करी. "हे बघा, तुमच्याच खात्याची मोजणी आहे. तुम्हालाच माहीत नाही तर मी काय सांगणार? टीप लिहा ना एक. टिपेला जागा आहे त्यात."

ओळंब्याने टीप लिहिली. सुवाच्य, मुद्देसूद, चार ओळींची: काचांची संख्या नोंदलेली नाही, 'एक' हा आकडा मोजणाऱ्याने दिलेला नाही, त्यावरून काढलेला जोर ग्राह्य धरू नये. लिहून झाल्यावर त्याला जरा हायसं वाटलं. बाईंनी ती फाइलमध्ये टाकली.

"काका, एक सांगू? टीप फाइलमध्ये राहील. कायमची राहील. पण समितीचा प्रोग्राम टिपा उघडत नाही. तो फक्त रकाने वाचतो."

"आणि समितीची माणसं?"

"ती प्रोग्राम वाचतात."

बुधवारी त्याला एक गोष्ट सुचली आणि जिवात जीव आला. काचेवर धुळीचा एवढासा कण बसला तरी चित्रात त्याची बारीक गोल कडी उमटते. प्रत्येक काचेची कडी वेगळी. पहिल्या काचेवर तर कोपऱ्यात एक ओरखडाही होता. कड्या मोजल्या की काचा मोजता येतील! त्याने बाईंना सोमवारचं चित्र पडद्यावर मोठं करायला लावलं. आणखी मोठं. पांढरा ठिपका, पिवळं, लाल, निळं, काळोख. दोघं नाक लावून बघत राहिले. कडी नाही. ओरखडा कोपऱ्यातला, तो चित्राच्या बाहेर राहिलेला.

"किती स्वच्छ चित्र आहे, काका," बाई मनापासून म्हणाल्या. "बाकी ठिकाणी कुठे असं बघायला मिळत नाही."

सोमवार. दर सोमवारी सकाळी तो मऊ फडक्याने सगळ्या काचा पुसायचा. ओळंब्याला कुणीतरी थोबाडीत दिल्यासारखं झालं. पुसतोस कशाला रे इतकं, असं त्याला आयुष्यात पहिल्यांदाच स्वतःला विचारावंसं वाटलं.

त्या संध्याकाळी बायकोने विषय काढला. मेहुणा पुढच्या खोलीत रेडिओ लावून बसला होता; अपघातापासून तो यांच्याकडेच राहत होता. बायकोने मधलं दार लोटून घेतलं.

"तीन लिहा," ती म्हणाली.

"अगं, तीन होत्या हे मला माहीत नाही."

"एक होती हे माहीत आहे?"

"नाही."

"मग न माहीत असलेला एक चालतो आणि न माहीत असलेले तीन का चालत नाहीत? सांगा ना. तुम्ही एवढे हिशोबी, मला समजावून सांगा."

एक ओळंब्याने लिहिलेला नव्हता, तीन त्याला स्वतःच्या हाताने लिहावे लागले असते, एवढाच फरक होता. आणि तो फरक तिच्यासमोर बोलून दाखवायची त्याला लाज वाटली. भाऊ दाराच्या पलीकडे बसलेला. ज्याचं तोंड धुण्यापासून शाळेत सोडण्यापर्यंत सगळं तिने केलं, तो भाऊ.

"दुसरं विचारते," ती म्हणाली. आता तिचा आवाज खाली आला होता. "मीटरचा आकडा तुम्हीच लिहिलात ना फळ्यावर? वीस मिनिटं आधी? तो शंभरपट असता तर तुम्हाला दिसला नसता?"

हा प्रश्न ओळंब्याला नवा नव्हता. पंधरा दिवस तो त्याच्याबरोबर जेवत होता, कामाला जात होता. दिवसाला बारा आकडे, अकरा वर्षं. डोळ्यांतून आत येत आणि हातातून बाहेर जात, मध्ये कुठे थांबत नसत. फळ्यावर त्याने मोठा आकडा लिहिला असेल आणि त्याला कळलं नसेल, असं होऊ शकतं का? होऊ शकतं. आणि मग तीन काचा म्हणजे मेहुण्याचा डोळा घालवणारा तो स्वतःच. आपल्याला आठवत नाही ते खरंच आठवत नाही, की सोयीचं म्हणून आठवत नाही? त्याने स्वतःला सगळ्या बाजूंनी चाचपून पाहिलं होतं. कळत नव्हतं.

"दिसायला हवा होता," तो म्हणाला.

बायकोने डोळ्यांना पदर लावला आणि म्हणाली, "मी तुम्हाला दोष देत नाही हो. पण त्याला खोटारडा ठरवून काढतायत. तो खोटं बोलत नाही, एवढं तरी कुठेतरी लिहिलं जाऊ द्या."

गुरुवारी ओळंब्याने ठरवलं. तीन लिहायचे. शहाणपण पुरे झालं. आपल्या हलगर्जीवर बोट ठेवलं गेलं तरी चालेल, नोकरी गेली तरी चालेल. त्याला आश्चर्य वाटलं की ठरवल्यावर इतकं हलकं वाटतं. शुक्रवारी तो नेहमीपेक्षा लवकर निघाला आणि साडेअकराला बाईंच्या टेबलाशी बसला.

"दुरुस्ती आहे," तो म्हणाला.

बाईंनी फाइल उघडून कीबोर्ड त्याच्याकडे सरकवला. त्याने एक खोडून तीन टाइप केला. हिरवी खूण गेली, तिथे लाल आली आणि जोराचा आकडा एका क्षणात शंभरपट झाला. इतकं सोपं होतं ते. ओळंबा त्या लाल खुणेकडे बघत राहिला. पंधरा दिवसांत त्याला पहिल्यांदाच काहीतरी त्याच्या बाजूने बोलताना दिसत होतं.

"दुरुस्तीला दुसरी सही लागते, काका," बाई म्हणाल्या. "ती माझी. मी करते." त्यांनी माऊसवर हात ठेवला आणि तसाच ठेवून त्या त्याच्याकडे वळल्या. "मला माहीत आहे ते तुमचे कोण लागतात. मी काही खोदून विचारणार नाही. फक्त तुम्हाला आठवतंय एवढं म्हणा. हो म्हणालात की मी सही करते, दुसरा प्रश्न नाही."

हो म्हणायचं होतं. एक अक्षर. ओळंब्याने डोळे मिटले आणि तो सोमवार समोर आणायचा प्रयत्न केला. चार नंबरचं टेबल आलं. कॅमेरा आला. आपला हात आला, बोटांत काच, काच फिरून बसते आहे. किती? एक बसली, दुसरी बसली, तिसरीही बसली, पण तो सोमवार नव्हता, मंगळवार होता, गेलं वर्ष होतं, अकरा वर्षांतले सगळे हात एकदम येऊन एकमेकांवर काचा चढवत होते. त्यातला सोमवारचा हात कोणता, ते काही केल्या वेगळं निघेना.

"काका?"

"नाही," ओळंबा म्हणाला.

बाईंनी हात माऊसवरून काढून घेतला. त्या रागावल्या नाहीत. तीन त्यांनी खोडला नाही. तो ओळंब्याला स्वतःलाच खोडावा लागला. रकाना रिकामा झाला, क्षणभर रिकामाच राहिला, आणि प्रोग्रामने आपणहून त्यात एक भरला.

अकरा वाजून चाळीस मिनिटं झाली होती. बारापर्यंत तो तिथेच बसून राहिला. खोटा तीन त्याला लिहिता आला नाही, म्हणून खोटा एक त्याच्या नावावर पुढे गेला. सगळं आयुष्य खरं लिहिण्यात घालवलेल्या माणसाच्या हातून एवढंच झालं, आणि याला प्रामाणिकपणा म्हणायचं की भेकडपणा, हे त्याला त्या वीस मिनिटांत ठरवता आलं नाही.

घरी त्याने बायकोला सांगितलं. ती ओरडली नाही. तिने त्याला चहा दिला, कप त्याच्यासमोर ठेवला आणि कपडे घड्या करायला आत गेली. त्या दिवसापासून ती त्याच्याशी कामापुरतं बोलू लागली.

आठवड्याने रविवारी सकाळी मेहुणा हातात लांबट पाकीट घेऊन पुढच्या खोलीत आला. पक्का अहवाल होता. त्याने तो आधीच वाचलेला दिसत होता, कारण पानं उलगडून नीट एकाखाली एक लावली होती. बायको दाराशी येऊन उभी राहिली.

"भावोजी, हे तुमचंच चित्र ना?" शेवटचं पान पुढे करत त्याने विचारलं. डाव्या डोळ्यावर त्याने तळहात ठेवला होता. वाचायचं असलं की त्याला तसंच करावं लागे, नाहीतर डाग अक्षरांवर येऊन बसे. "मोजणाऱ्याच्या रकान्यात तुमचं नाव आहे."

"माझंच आहे," ओळंबा म्हणाला. आणि मग त्याने सगळं सांगितलं. काचा, पुसलेला फळा, प्रोग्रामने भरलेला एक, कुणी न वाचलेली टीप, तीन लिहून खोडलेला आकडा. त्याने काही गाळलं नाही. "तो एक माझा नाही रे," तो शेवटी म्हणाला. "तू माझ्यावर चिडलास तरी चालेल. मीटरचा आकडा मी बघितला असता तर तुझा डोळा वाचला असता."

मेहुणा ऐकत होता. ऐकताना तो नेहमीसारखा हातवारे करत नव्हता.

"मीटरवर जास्त आलं असतं तर तुम्हाला दिसलं असतं," तो म्हणाला.

"तेच सांगतोय तुला. दिसायला हवं होतं, पण—"

"नाही, दिसलंच असतं. तुम्हाला न दिसेल असं होईल का?" तो समजूत काढायच्या सुरात म्हणाला. "दहा वर्षं बघतोय मी तुम्हाला. तुम्हाला जास्त दिसलं नाही म्हणजे जास्त नव्हतं. तुम्ही उगाच माझ्यासाठी मनाला लावून घेताय. मीही खूप विचार केला, भावोजी. त्या वेळी चमकलं असं मला वाटलं खरं, पण आता नक्की सांगता येत नाही. डोळा आधीपासूनच बिघडलेला असणार. लहानपणी एकदा दुखत नव्हता का गं, ताई?"

बायकोने ओठ घट्ट मिटले. तिने नकारार्थी मान हलवली, पण ती त्याच्या डाव्या बाजूला उभी होती आणि ते त्याला दिसलं नाही.

"अरे, ते सगळं खोटं आहे," ओळंबा म्हणाला. तो उठून उभा राहिला होता. "अहवाल खोटा आहे. मी मोजलंय, मी तुला सांगतोय!"

"तुम्ही मोजलंय म्हणूनच तर," मेहुणा म्हणाला. "दुसऱ्या कुणी मोजलं असतं तर मी भांडलो असतो."

त्याने एक कोरा कागद टेबलावर ठेवला. अहवाल मान्य आहे असं उद्यापर्यंत लिहून दिलं तर ठपक्याचं काढून टाकू, नुसतं तब्येतीमुळे सोडलं असं दाखवू, असं साहेबांनी त्याला फोनवर सांगितलं होतं. साहेब चांगले आहेत, असं तो म्हणाला. तो लिहायला बसला. एक हात डोळ्यावर, दुसऱ्या हातात पेन. पहिला शब्द लिहितालिहिता कागद सरकला आणि अक्षर टेबलावर गेलं. त्याने कागद कोपराने दाबून पाहिला, तो पुन्हा सरकला.

"भावोजी," तो म्हणाला, "जरा कागद धरता?"

बायको आत निघून गेली. ओळंबा उभाच होता. मेहुणा मान वर करून, पेन तयार ठेवून, त्याची वाट बघत होता. ओळंबा खाली बसला आणि त्याने दोन्ही हातांनी कागद धरला.